न प्यायलेली कॉफी

माझ्या मुलाची, निदालची, बँकेतली नोकरी गेली तेव्हा त्यानं आणि माझ्या सुनेनं, लुब्नानं, एकच ठरवलं: लेकीला, तालीनला कळता कामा नये. म्हणून पोरीची शाळा तीच, पियानो शिकवणाऱ्या बाई त्याच, शुक्रवारचं हॉटेलातलं जेवणही तेच. निदाल रोज कोट चढवून बाहेर पडायचा आणि माझ्या घरी येऊन पडून राहायचा. तालीन मात्र हल्ली दुकानात काही मागेनाशी झाली होती. लुब्नाला म्हटलं, तर म्हणाली, "समजूतदार झालीय हो, आई."

शेवटी मीच सगळ्यांना साल्ट गावी नेलं, माझ्या चुलतभावाकडे, अबू नाएफकडे. अर्ध्या अम्मानात त्याचा शब्द चालतो.

"पोरीसमोर काही बोलायचं नाही," निघताना लुब्ना माझ्या कानात म्हणाली.

"बोलायचं कशाला? पेला खाली ठेवला की मामाला कळतं."

आमच्यात मागणं घेऊन गेलेला माणूस यजमानाचा होकार येईपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही. आत्याच्या साखरपुड्यात तालीननंही ते पाहिलं होतं.

अबू नाएफनं पहिला पेला निदालला दिला. "काय रे, बँक काय म्हणते?"

"उत्तम चाललंय, मामा," म्हणत माझ्या शहाण्यानं कॉफी एका घोटात संपवली. आता कुठल्या तोंडानं मागणार?

"मलाही द्या ना," तालीन म्हणाली.

"कडू असते गं. मिशा फुटतील!" अबू नाएफ हसला आणि थेंबभर ओतून दिली.

तिनं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच समोर ठेवला.

"आधी माझ्या बाबांना काम द्या."

लुब्ना पांढरीफटक पडली. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. बाबाचा फोन आता वाजतच नाही."

अबू नाएफचं हसू मावळलं. त्यानं निदालचा पेला पुन्हा भरला. "मागणं पोरीचं, की तुझं? पोरीचं असेल तर मी तिला बाहुली देऊन समजूत काढीन."

निदालनं पेला उचलला. वाटलं, आताही पितोय. त्यानं तो लेकीच्या पेल्याशेजारी ठेवला.

"माझं, मामा."

अबू नाएफ बराच वेळ माळेचे मणी ओढत राहिला. वाफ विरून गेली. मग म्हणाला, "शब्द टाकतो. पुढचं अल्लाच्या हाती. प्या."

तालीननं पेल्याला हात लावला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आधी तू पी."