दिवा मंदावला की मोटर बंद

राष्ट्र उभारायचे तर प्रत्येकाने वेळेवर थांबायला शिकले पाहिजे, असे वीज कंपनीच्या साहेबांनी चांद्याच्या भातगिरणीत सांगितले. साल सत्तावन्न. सांगून झाल्यावर साहेब न थांबता जीपमध्ये बसले.

योजना सोपी होती. सांज झाली की गावात दिवे लागत आणि पॉवरहाऊसला दम लागे. अशा वेळी गिरणीने तासभर मोटर बंद ठेवायची. बदल्यात तिला वर्षभर वीज स्वस्त. खूण म्हणून पॉवरहाऊसवाले गिरणीतला दिवा क्षणभर मंद करणार. शेटजींनी सही केली. मोटर चालवणाऱ्या इस्तारीने शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

गिरजाला कोणी विचारले नाही. ती तांदूळ पाखडायची आणि पोत्यामागे दोन ओंजळी कणकी, म्हणजे तुकडा तांदूळ, मजुरी म्हणून न्यायची. घरी आंधळी सासू. चुलीवर शिजायची ती हीच कणकी. धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, खेड्यांवरून दिवस कलताना पोचत, त्यामुळे भरडाईची खरी वेळही सांजेचीच.

पहिल्या सांजेला इस्तारीने मोटर सुरू केली. दिवा मंदावला. त्याने मोटर बंद केली. तासाभराने सुरू केली, दिवा मंदावला, पुन्हा बंद. बंडीवाले बिड्या ओढत बसले. असे चार दिवस चालले.

गिरजा रिकामे सूप मांडीवर घेऊन दिव्याकडेच पाहत होती.

"भाऊ, हा दिवा पहिलेपासूनच असा करते. तुमी मोटर चालू करता ना, तवाच त्याले झापड येते."

"तुले मोटरीतलं काय समजते, बाई? सायबाचा हुकूम हाये."

"मंग एक डाव मोटर चालू न करता पाहा, मंदावते का."

"चालूच नाई केली तर बंद काय करू? येडी झाली काय?"

गिरजाने सूप खुंटीला अडकवले.

पुढल्या आठवड्यात बंड्या तेलाच्या इंजिनवर चालणाऱ्या दुसऱ्या गिरणीकडे वळल्या. तिथे पाखडणाऱ्या बाया आधीच होत्या. सासूने एकदा विचारले, "आज पेज पातळ काऊन वं?" मग तिने विचारणे सोडले. महिनाअखेर गिरजाने तिला दिराच्या ओसरीवर नेऊन बसवले आणि घुग्घुसच्या खाणीवर माती वाहायचे ठरवले.

जाण्याच्या दिवशी ती आपले सूप न्यायला गिरणीत आली, तेव्हा कंपनीचा वायरमन मुखरू मीटर पाहत होता. तो हसत होता.

"इस्तारी, मोटर सुरू होताना एकदम लय वीज ओढते. दिवा मंदावणारच. हे तर लाईन आली तवापासून हाये."

इस्तारी मोटरीवरची धूळ पुसू लागला.

"मंग पॉवरहाऊसनं खूण देली कवा?" गिरजाने विचारले.

मुखरूने खुणांच्या नोंदींची डायरी चाळली.

"अजून देलीच नाई."