सत्तावन्न नंबरची जागा

समुद्रकाठच्या त्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरांच्या, तळावर जागांचे नंबर एक्केचाळीसपासून सुरू होत होते.

"एक ते चाळीस कुठे आहेत?" मी गाडीतून उतरताना विचारलं.

भाऊजींनी पाण्याकडे बोट दाखवलं. "तिकडे. पोहता येत असेल तर बघून ये."

ताई हसली. हा विनोद तिने अनेकदा ऐकला होता. समुद्राकडचा कडा मातीचा होता आणि दर काही वर्षांनी त्याची एक पट्टी खाली पाण्यात जाई. बारा वर्षांपूर्वी भाऊजींनी सत्तावन्न नंबर घेतला तेव्हा तो तिसऱ्या रांगेत होता. आता तो पहिल्या रांगेत होता. "आपण जागचे हललो नाही, समुद्रच भेटायला आला," असं ते शेजाऱ्यांना सांगत. बिछान्यात पडल्या पडल्या खिडकीतून लाटा दिसाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती या वर्षी पुरी झाली होती.

कड्याच्या अलीकडे पांढरं कुंपण होतं. वॉचमन रोज सकाळी कुंपणापासून कड्यापर्यंत पावलं मोजून न्हाणीघराजवळच्या फळ्यावर आकडा लिहायचा. आठ असली की ठीक. सात झाली की कुंपण मागे घ्यायचं. आम्ही आल्यापासून आठच होती. दात घासायला जाणारा प्रत्येक जण फळा वाचून निश्चिंत होई. मीही होत होते.

तिसऱ्या सकाळी माझी भाची चिंगी कॅरॅव्हॅनच्या मागे बादली घेऊन बसलेली दिसली. तिथे, आमच्या आणि रस्त्याच्या मध्ये, गवतात बोटभर रुंदीची भेग होती. ती आमच्या मागून सुरू होऊन शेजारच्या चार कॅरॅव्हॅनच्या मागून गेली होती. भेगेत वाळू भरणाऱ्या मुलांना तळावरच्या दुकानातून एक आइस्क्रीम फुकट मिळे. कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून ही व्यवस्था.

"मावशी, हिचं पोटच भरत नाही," चिंगी म्हणाली. "ही सातवी बादली."

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. भेगेच्या दोन्ही बाजूंना तंबूची एकेक खुंटी ठोकली आणि चिंगीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने दोन खुंट्यांमधलं अंतर मोजलं. न्याहारीच्या वेळी एकशे बारा मिलिमीटर. जेवणाच्या वेळी एकशे पंधरा. चार वाजता एकशे तेवीस.

भाऊजी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"तुझी प्रयोगशाळा सुट्टीवर नाही वाटतं?"

"भाऊजी, वॉचमन कुंपणापासून पुढे मोजतो. भेग आपल्या मागे आहे. कडा, कुंपण, आपण, सगळं एकत्रच सरकतंय. त्याची आठ पावलं शेवटपर्यंत आठच भरणार."

"लहानपणी ही गच्चीवर यायलासुद्धा घाबरायची," ताई आतून म्हणाली.

"बारा वर्षं थांबलोय मी या खिडकीसाठी," भाऊजी म्हणाले. "फळ्यावर आठ आहेत ना? मग झालं."

"सकाळी तुम्ही कॅरॅव्हॅन समपातळीत आणलीत. पुन्हा एकदा लेव्हल लावून बघा. नंतर मी एक शब्द बोलणार नाही."

माझं तोंड बंद होईल या आशेने ते उठले. हवेच्या बुडबुड्याची ती छोटी नळी त्यांनी आतल्या टेबलावर ठेवली. बुडबुडा मध्यभागी थांबला नाही. तो सावकाश रस्त्याच्या टोकाला गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी नळी उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा रस्त्याकडेच गेला; समुद्राकडची बाजू खचली होती.

त्यांनी नळी उचलून खिशात ठेवली.

"चिंगीला सर्दी झालीय," ते शेवटी म्हणाले. "इथे वारा फार लागतो. मागे घेऊ."

चिंगीला सर्दी झालेली नव्हती. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि कपबशा आवरायला घेतल्या.

तासाभरात कॅरॅव्हॅन न्हाणीघराच्या मागे, सगळ्यात शेवटच्या रांगेत उभी होती. मी आकड्यांचा कागद घेऊन ऑफिसात गेले. व्यवस्थापक बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि रजिस्टरात जागा बदलण्याचं कारण भाऊजींनी सांगितलेलंच लिहिलं: वारा.

"कुंपणाबाहेर आम्ही कुणालाच जाऊ देत नाही," त्या म्हणाल्या. "तरी उद्या मालकांच्या कानावर घालते."

"उद्या नको. आत्ता त्या पाचही जागा रिकाम्या करा."

"भर सुट्टीत? पहिल्या रांगेसाठी माझ्याकडे अकरा कुटुंबांची यादी आहे, बाई."

मी बाहेर आले तेव्हा त्या यादीतलं पहिलं कुटुंब सत्तावन्नवर पोचलंसुद्धा होतं. एक माणूस कॅरॅव्हॅन मागे घेत होता. त्याची दोन मुलं "अजून या, अजून या," असं ओरडत गवतावर नाचत होती. भाऊजी भेगेच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, त्याच्या वाटेत उभे होते.

"थांबा," ते म्हणाले. "ही जागा मी सोडलेली नाही."

माणसाने खिडकीतून डोकं काढलं. "मघाशी तर सोडलीत! ऑफिसने आम्हाला दिली."

"विचार बदलला. पैसे भरलेत मी महिनाअखेरपर्यंत."

"म्हणजे स्वतः मागे राहणार आणि इथे दुसऱ्याला येऊ देणार नाही? काय माणूस आहात हो!"

"असाच आहे," भाऊजी म्हणाले.

शेजारच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. ज्यांना ते वर्षानुवर्षं चहाला बोलावत आले होते, तीच ही माणसं. खरं कारण सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती, हे त्यांना ठाऊक होतं. मान खाली घालून ते तसेच उभे राहिले. शेवटी तो माणूस शिव्या देत गाडी घेऊन निघून गेला. मुलं रडत मागे गेली.

सत्तावन्न रिकामी राहिली. त्याच तुकड्यावर अजून चार कॅरॅव्हॅन होत्या. दिवेलागण झाली होती.

मी मोजलं. एकशे एकोणचाळीस.

"तू त्या टोकापासून लोकांना बाहेर काढायला सुरुवात कर," भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले. "मी वॉचमनला घेऊन येतो. ओढत आणावं लागलं तरी."

टोकाच्या कॅरॅव्हॅनचं दार मी भेगेच्या अलीकडूनच हाका मारून उघडायला लावलं. आत एक बाई मुलांना वाढत होती. मी सांगायला लागले, पण खालून लाटांचा आवाज येत होता आणि तिला काही ऐकू जाईना.

"अहो, बाहेर काय उभ्या? आत या," ती म्हणाली. "दार लावून घ्या, वारा येतोय."

सगळ्यात धाकट्या मुलाने सरकून बाकावर मला जागा केली. बाहेरून सांगून कुणी उठणार नव्हतं. मी भेग ओलांडली, पायरी चढले आणि आत गेले.