करंगळीचा ठसा

नागूबाईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. उमटला तो नुसता निळा डाग. रेषा एकही नाही.

वच्छलाबाईंनी कागद उजेडाकडे धरला. त्या शाळेत शिकवायच्या. गेल्या वर्षी त्यांचा सायकलवरचा मुलगा ट्रकखाली गेला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, आणि तो चार महिन्यांत सुटूनही आला. तेव्हापासून शाळा भरण्याआधी त्या अर्ज घेऊन फिरत. बेफाम गाडी हाकून माणूस मारणाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच करावी, असा तो अर्ज. अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीतल्या त्या सकाळी त्या विडी कारखान्याच्या फाटकाशी, वळलेल्या विड्या द्यायला आलेल्या बायकांत बसल्या होत्या.

दुसऱ्यांदाही डागच आला. पंधरा वर्षं पानं वळून नागूबाईचा अंगठा गुळगुळीत झाला होता.

शेजारची सुंदरम्मा हसली.

"तुझा नवराच ट्रक चालवतो की गं. त्याच्याच पायात बेडी घालतीस व्हय?"

वच्छलाबाईंनी हळूच कागद मागे ओढला.

मागच्या खेपेहून आलेला तिचा नवरा त्रिंबक भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, टेंभुर्णीजवळ लिंबाचं झाड रस्त्यात येऊन उभं राहिलं. एवढं बोलून तो ताटावरच झोपला. ट्रकचा मालक एकट्याकडून लागोपाठ तीन खेपा करून घेई. नाही म्हणणाऱ्याची गाडी दुसऱ्याला मिळे.

नागूबाईने कागदाचं टोक धरलं आणि करंगळी पॅडवर दाबली. विडी वळताना तेवढंच एक बोट मोकळं राहतं.

"ही चालंल का, बाई?"

सगळ्या रेषा उमटल्या.

ती घरी आली तेव्हा त्रिंबक नुकताच मुंबईहून आला होता, डोळे लाल. निळं बोट पाहून त्याने विचारलं. तिने चुलीकडे तोंड करून सगळं सांगितलं. तो वाकळ ओढून आडवा झाला.

तासाभरात मालकाचा दिवाणजी चनबसप्पा दारात. दुधनीच्या बाजारातली तूर ट्रकमध्ये भरून तयार होती, लगेच निघायचं होतं. नागूबाई उठवायला वळली, तोच वाकळीखालून आवाज आला.

"मालकास्नी सांगा, जोडीला दुसरा ड्रायवर द्या. न्हायतर उद्या. माणूस मेला तर आता पाच वर्सं हायत."

"कोण म्हणतं?"

"माझी बायको सही करून आलीया."

चनबसप्पाने नागूबाईकडे पाहिलं. तिने पदराआडची करंगळी बाहेर काढली. त्याने वाकून ते निळं बोट निरखलं.

"उद्या तर उद्या," तो म्हणाला. "सांगतो मालकांना."

सायकलवर टांग टाकताना तो कानडीत काहीतरी पुटपुटला.

अर्ज अजून वच्छलाबाईंच्या पिशवीतच होता. आत घोरणं सुरू झालं. नागूबाईने दार लोटून घेतलं, त्याला पाठ लावून उंबऱ्यावर बसली आणि तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं.