बिननावाच्या तलंगा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. रॉस माझा मित्र आहे, आणि ऑस्ट्रेलियातलं आमचं बर्चिप एवढंसं गाव आहे की घरात शिंकलं तर गव्हाच्या कोठारापाशी लोक तब्येत विचारतात. पण राहवत नाही.

तर रॉसची आई, थेल्मा. वय त्र्याऐंशी. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. नवरा गेल्यापासून घरात एकटी, आणि परसात चार काळ्या तलंगा, अजून एकही अंडं न घातलेल्या. थेल्माचा नियम होता, पहिलं अंडं घातल्याशिवाय कोंबडीला नाव द्यायचं नाही. "आधी काम दाखवा, मग बारसं," असं ती त्यांना तोंडावर सांगायची.

रॉस रोज संध्याकाळी चाळीस किलोमीटर गाडी हाणत तिच्याकडे यायचा. आठ महिने हेच. जूनमध्ये ती किटली गॅसवर ठेवून विसरली. किटली जळून काळी झाली, पडद्याला धग लागली. तेव्हापासून रॉसची झोप उडाली होती. बहीण पर्थला. ती फोनवर म्हणायची, "तू जवळ आहेस, तूच ठरव." आणि सप्टेंबरात जवळच्या शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली. तपासणीची सरकारी बाई येऊन 'एकटी राहू शकत नाही' असं लिहून गेली की खाट थेल्माची. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची.

थेल्माला कुठेही जायचं नव्हतं. ते तिने रॉसला सांगून ठेवलं होतं, किटली घासता घासता.

बाई सोमवारी आली. जॅनीन नाव. मेलबर्नहून नवीन बदलून आलेली. वाईट नव्हती, तेही सांगून टाकतो.

"थेल्मा, आज तारीख काय आहे, सांगता?"

"थेल्मा काय लगेच? आपली ओळख कधी झाली?"

"आई," रॉस म्हणाला.

"तारीख नाही ठाऊक. पेपर गुरुवारी येतो. सोमवारी तारीख घेऊन काय करू?"

जॅनीनने लिहिलं. "बरं, महिना?"

"सप्टेंबर. तलंगांचे तुरे लाल झालेत. चल, दाखवते."

तिघं मागच्या दाराने परसात गेली. थेल्मा पुढे, वॉकर ठोकत. रॉस शेवटी.

"हा तुरा बघ. पंधरा दिवसांपूर्वी फिका होता. आता लिपस्टिक लावून बसलीय. आता हात धर हिच्या पाठीवर. वरून. अगं, चावत नाही ती."

जॅनीनने भीत भीत हात नेला. तलंग पाय मुडपून खाली बसली, पंख जरासे पसरून, जमिनीला चिकटून.

"आजारी आहे का ही? का घाबरली?"

"घाबरतेय कसली. तुला कोंबडा समजली ती."

जॅनीन हसली नाही. रॉसला हसू आलं होतं, त्याने ते गिळलं.

थेल्माने वॉकर सोडला, कुंपणाला टेकली आणि तलंग काखेत धरली. शेपटीखाली बोटं लावली. "इथे दोन हाडं असतात. लहान असते तेव्हा मधे जेमतेम एक बोट जातं. आता तीन जातात. ही गुरुवारी अंडं देणार."

"गुरुवारी," जॅनीन म्हणाली. लहान मूल काही सांगतं तेव्हा आपण म्हणतो ना, तसं.

"गुरुवारी. पेपर येतो त्या दिवशी."

मग जॅनीन खुराड्यात डोकावली. अंड्यांसाठी ठेवलेल्या खोक्यात पेंढा होता, आणि पेंढ्यात मधोमध एक गोल्फचा चेंडू.

"हे काय आहे?"

"चेंडू."

"कोंबड्यांच्या घरात?"

"मग? शिकायला नको का त्यांना?"

जॅनीनने रॉसकडे बघितलं. भुवया जरा वर. बिचाऱ्या मुलाला काय काय सोसावं लागत असेल, असं काहीतरी त्या भुवयांत होतं.

आता आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तलंगेला खोक्यात पांढरं गोल काही दिसलं की तिला वाटतं, अंडी इथेच घालायची असतात. नाहीतर कुठेही झुडपात घालत सुटते. रॉस स्वतः नऊ वर्षांचा असताना मैदानात हरवलेले चेंडू शोधून आईला आणून द्यायचा. हा चेंडूही कदाचित त्यातलाच असेल. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. ते तोंडाशी आलंही होतं.

पण मग किटली आठवली. येताजाता चाळीस चाळीस किलोमीटर आठवले. ती खाट आठवली. रॉस बुटांकडे बघत राहिला.

"सांग की रे हिला," थेल्मा म्हणाली.

"वारा सुटलाय आई. आत चला."

थेल्माने तलंग खाली सोडली. त्यानंतर जॅनीनने जे जे विचारलं, त्याला तिने हो किंवा नाही, एवढंच उत्तर दिलं. जॅनीनने तेही लिहिलं.

बुधवारी वृद्धाश्रमातून फोन आला, खाट थेल्माची. गुरुवारी सकाळी रॉसने तिची बॅग गाडीत टाकली. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "खुराड्यात बघून ये."

"उशीर होतोय आई."

"नुसतं बघून ये."

त्याने गाडी चालू केली.

दुपारी तिला सोडून तो परत आला. पायरीवर पेपर पडला होता. खुराड्यात, चेंडूला टेकून, एक अंडं. मुठीत लपेल एवढं, बदामी, त्यावर रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्यावर असते कधी कधी. हातात घेतलं तर कोमट होतं.

संध्याकाळी तो चारही कोंबड्या फळांच्या खोक्यात घालून माझ्याकडे घेऊन आला. "ठेव तुझ्याकडे," म्हणाला, आणि मग हे सगळं सांगितलं. आता चौघीही अंड्यावर आल्यात. माझ्याकडे रोज तीन-चार अंडी होतात. रॉस एकही नेत नाही.

कोंबड्या माझ्याकडे आहेत, हे थेल्माला ठाऊक आहे. ती रॉसला रोज सहाला फोन करते. "घातलं का?"

"नाही अजून."

"तू हो का नाही म्हणत?" मी त्याला विचारलं.

"हो म्हटलं तर ती विचारेल, मग त्या दिवशी गप्प का बसलास. काय सांगू?"

काल तो माझ्या स्वयंपाकघरात बसला असताना तिचा फोन आला. आवाज मोठाच आहे तिचा, मलाही ऐकू आलं. "तीन बोटं होती रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोटंच गेली असतील माझी. त्या बाईचं बरोबर होतं म्हणायचं."

रॉसने फोन ठेवला. टेबलावर अंड्यांचा ट्रे होता, तो त्याने बाजूला सरकवला.

"रविवारी जाणार आहेस ना तू तिला भेटायला?"

"जाणार आहे."

"ती तुला विचारेल."

"विचारेलच."

"काही बोलू नकोस. माझ्यासाठी."

मी म्हटलं, नाही बोलणार. शब्द दिला.