पडद्याला हळद

गोचीड मारणारे गावोगाव सापडतील. गोचीड पोसणारी बाई आमच्या सौंसर तालुक्यात एकच, प्रणाली. तिला हसणाऱ्यांनी आधी एवढं डोक्यात घ्यावं: या किड्यापायी दरसाल गाईबैल तापानं मरतात. त्याच्यावर लस शोधायची तर तो किडा प्रयोगशाळेत जिवंत, खाऊनपिऊन टम्म असावा लागतो. आणि रक्ताशिवाय तो कशाला तोंड लावत नाही.

तिची आई पंचफुला मात्र शेजारणीला सांगायची, "लोकायच्या पोरी जावई आणून राहिल्या, आमची गोचीड पोसून राहिली. हिले हळद कधी लागन, देवालेच ठाऊक."

पांढुर्ण्याच्या ज्या लहानशा प्रयोगशाळेत प्रणाली लागली, तिथली जुनी रीत अशी: वासराच्या कानाला कापडी पिशवी बांधायची आणि आत गोचीड सोडायचे. वासरू मान झटकत राहतं, गोचीड फुगत राहतात. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी प्रणालीनं जेवणाचा डबा उघडला नाही. पण ती हळहळत बसणारी नव्हती. हळहळणारे ढिगानं आहेत, करणारे कुठं आहेत?

खाटकाकडून ती रक्त आणायची. ताक घुसळावं तसं घुसळून त्यातली गुठळ्या करणारी जाळी काढायची, अंगाइतकं कोमट ठेवायची. त्यावर सिलिकॉनचा पडदा, दुधावरच्या सायीएवढा पातळ. तो बाजारात मिळत नाही. तिनं स्वतः ओतला, फाटला, पुन्हा ओतला. गोचिडानं वरून सोंड रुतवावी आणि त्याला वाटावं, आपण गाईच्या पाठीवर आहोत.

पण गोचीड खुळा नाही. त्याला गाईचा वास पाहिजे. म्हणून पडद्यावर जनावराचे केस चिकटवायचे. ते तिनं घरून, आपल्या बाबांकडून मागवले. बाबांनी, म्हणजे भैय्याजींनी, पोळ्याच्या दिवशी पुडी बांधून दिली.

पडदा तयार झाला, गोचीड सोडले. सगळे कडेला जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिथंच, पंगतीत रुसलेल्या व्याह्यांसारखे.

प्रमुख अरविंद सर वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. "प्रणाली, तुझे पाहुणे उपाशी मरून राहिले. मी वासरू बोलावलं. उद्या सकाळी पिशवी बांधू."

"आजचा दिवस द्या सर."

"आजचाच."

दुपारी वासरू आलं. धुळीनं माखलेलं, शेपटीला वाळलेलं शेण. मागच्या निंबाला बांधलं. प्रणालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पडदा उचलून दिव्याखाली धरला. केस पांढरे, पण मुळाशी पिवळे. नाकाशी नेले. तूप, आणि हळद.

तिनं फोन लावला. "बाबा, केस कुठले दिले?"

"राजाच्या खांद्याचे. पहिल्या नंबरचा बैल आपला."

"खांदशेकणी झाल्यावर?"

"मंग? आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदे शेकले, सकाळी साबण लावून धुतला, मंग कापले. लॅबमध्ये का घाणेरडे केस पाठवू? इज्जत आहे का नाही?"

"बाबा, गोचिडाले घाणेरडेच लागते."

"असे कसे पाहुणे तुये?"

प्रणाली हसत बाहेर आली. निंबाखाली तेच वासरू उभं होतं, कधी न धुतलेलं. तिनं पर्समधला कंगवा काढला आणि त्याची पाठ विंचरली. वासरानं डोळे मिटले. नवा पडदा, नवे केस.

सकाळी अरविंद सर कापडी पिशवी हातात घेऊनच आले. प्रणालीनं त्यांच्या दुसऱ्या हातात भिंग दिलं. सर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. एकेक गोचीड केसांच्या बुडाशी सोंड रुतवून बसला होता.

"जेवून राहिले," सर म्हणाले. मग पिशवीकडे बघून, "वासराचं काय करायचं आता?"

"मी नेतो घरी."

ही पोरगी स्वतःला 'नेतो' म्हणते, तिच्या तोंडी ते शोभतं.

संध्याकाळी छोट्या गाडीतून वासरू सौंसरला उतरलं. भैय्याजींनी त्याला डोक्यापासून खुरापर्यंत न्याहाळलं. "आमच्या राजाचे नाही चालले, आन् या मरतुकड्याचे चालले?"

"राजाले हळद लागली होती ना, बाबा."

"पोरीले सोडून साऱ्यायले लागते," पंचफुला आतून म्हणाली. पण ती परात भरून सरकीची ढेप घेऊन बाहेर आली होती.

भैय्याजींनी वासराचं दावं राजाच्या शेजारच्या खुंट्याला बांधलं. "धुवू का याले?" त्यांनी विचारलं.

"नको," प्रणाली म्हणाली. "पुढच्या हप्त्यात पुन्हा केस लागतीन."