दात नसलेल्या तोंडातली कीड

मोहगावच्या बाजारात त्या दिवशी संत्र्यांचे ढीग सोडून गर्दी दाढेची कीड काढणाऱ्या महाराजांभोवती होती; त्या गर्दीत मीही. पाण्याच्या परातीत विटेवर तापलेलं लोखंड, त्यावर तुपात घोळलेल्या बिया, वर पालथं घातलेलं नळीचं मडकं. रोगी पदराआड नळी तोंडात धरून धूर ओढे, लाळ आत गळे. महाराज मडकं उचलत आणि पाण्यात पांढरे किडे दिसत. तीच लाळेची नळी, न पुसता, पुढच्याच्या तोंडात.

"पाहा, दाढेतला नाग! डाक्टरच्या बापाले तरी दिसला काय?"

गर्दीत सासूबरोबर आलेली उर्मिला झोपेत दात खायची. सकाळी जबडा उघडत नसे. सौंसरला आठवड्यातून एकदा येणाऱ्या दातांच्या डॉक्टर स्मिताबाईंनी तपासून सांगितलं होतं, की दाढा शाबूत आहेत, दुखतात ते जबड्याचे स्नायू. त्यांनी रात्री दातांवर बसवायची मापाची प्लेट दिली, गरम शेक आणि मऊ अन्न सांगितलं, सुपारी बंद केली. आराम हळूहळू पडेल, म्हणाल्या.

सासू शकुबाईंना हे पटेना. "कीड नाही, मंग दुखते कायले? अन् रातभर दात कोन खाते? बाहेरचंच हाय." प्लेट फडताळात गेली आणि सुनेला घेऊन त्या इथे आल्या.

"कीड काढतो, मायबाई," महाराज म्हणाले, "पन तिचं घर जाळा लागते. गालावर डाग देतो." सळई निखाऱ्यात लाल होत होती. आधी डाग घेतलेली एक बाई बाजूलाच बसली होती. तिच्या गालावरचा फोड पिकला होता, त्यावर माश्या.

उर्मिला मागे सरली.

"भेतं काय? पयले मीच बसतो," म्हणत शकुबाईंनी पदराआड नळी धरली.

किडे निघाले. गर्दीने हात जोडले.

"उजवीकडची मागची दाढ!" महाराज गरजले. "पार सडून राह्यली, मावशी!"

उर्मिला मिटल्या दातांतूनच बोलली, "आत्याबाई, पदर काढा. तोंड उघडा."

शकुबाईंनी तोंड उघडलं. वरखाली नुसत्या हिरड्या.

"काहो महाराज," कोणी ओरडलं, "बुढीची दाढ कोनत्या गावाले गेली?"

"कीड हिरडीत लपते!" महाराज म्हणाले.

उर्मिलेने महाराजांच्या पिशवीतल्या मूठभर बिया तापल्या लोखंडावर टाकल्या, वर मडकं पालथं घातलं. नळीला कोणाचंच तोंड नव्हतं. बिया तडतडल्या. तिने मडकं उचललं, तर परातीत किडेच किडे.

मी पुढे होऊन एक किडा नखावर घेऊन पाहिला. तो भुईरिंगणीच्या काटेरी रोपाच्या बीमधला कोंब होता. उष्णतेने बी फुटते, वळलेला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. एवढ्यावर या माणसाने बायकांचे गाल जाळले होते.

शकुबाईंनी परातीतलं पाणी सळईवर ओतलं. चर्र झालं.

"चाल घरी," त्या सुनेला म्हणाल्या. "ते पलेट फडताळात हाय. मीच टाकली होती. आज रातीपासून लाव."

दुखणं खरं असतं, म्हणून त्यावरचा प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. तोंडात न डोकावता गाल जाळणाऱ्याला एकच सांगा: कोणाचंही तोंड न लावता हे किडे निघतात का, ते आमच्यासमोर करून दाखव.