शेफालीच्या नावाच्या नऊ दवंड्या

माझ्याकडे पाहून तुम्ही हसाल, मित्रांनो. वेल्ह्याच्या बाजारपेठेमागच्या आळीत, पत्र्याच्या एका लहानशा दुकानात मी राहतो, घर मागं लागूनच आहे. मी कॉम्प्युटर आहे, पण तुम्ही दुकानांतून पाहता तसा चपटा आणि चकचकीत नाही. माझा डबा एकेकाळी पांढरा होता. आता त्याचा रंग चहात बुडवलेल्या पावासारखा झाला आहे. माझ्या कीबोर्डवरची चार अक्षरं बोटांनी झिजून पार पुसली गेली आहेत. तरी मी चालू होतो. दिवा लागतो, पंखा फिरतो. फक्त ज्याच्यासाठी माझी घरात वाट पाहिली जायची, ते आता माझ्यापाशी नाही. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. पुण्यातल्या एका दुकानात तीन ठिकाणचे सुटे भाग जोडून मला उभं केलं. पहिली सहा वर्षं एका कचेरीत मी नुसती पत्रं लिहिली. मग तिथं नवी यंत्रं आली आणि मला जिन्याखाली ठेवलं. तिथून मला सोमनाथनं उचललं. वेल्ह्यात टायपिंगचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. एसटीत तो मला मांडीवर घेऊन बसला होता. नसरापूरपर्यंत उभ्यानं आलेली एक म्हातारी म्हणाली, त्या डब्याला खाली ठेव अन् मला टेकू दे. सोमनाथनं उठून तिला जागा दिली, पण मला काही खाली ठेवलं नाही.

दुकानात मी अर्ज लिहिले, लग्नपत्रिका केल्या, सातबाऱ्याच्या नकला छापल्या. पण सोमनाथचं खरं नाव झालं ते आवाजामुळे. आमच्या भागात गावाला काही सांगायचं असलं की टेम्पोवर भोंगा बांधतात आणि आधी भरून ठेवलेला आवाज वाडीवाडीतून फिरवतात. जनावरांना लस टोचायची आहे, ग्रामसभा आहे, जत्रेत कुस्त्या आहेत, अशा त्या दवंड्या. सोमनाथ माझ्यासमोर माईक धरून बसायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "वेल्हे व पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की हो ऽऽ". दवंडीचं आयुष्य चार दिवसांचं. काम झालं की ती पुसून टाकायची आणि त्याच पेनड्राईव्हवर नवी भरायची.

नऊ दवंड्या मात्र त्यानं कधी पुसल्या नाहीत. त्या त्याच्या लेकीच्या, शेफालीच्या होत्या.

शेफालीला पहिला दात आला त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सोमनाथनं माईक ओढला आणि अगदी गंभीर आवाजात भरलं, "कुमारी शेफाली हिला खालच्या बाजूस एक दात आलेला आहे. तरी सर्वांनी आपापली बोटे सांभाळावीत." त्याची बायको सुलक्षणा शेजारी पत्रिकांच्या घड्या घालत होती. ती इतकी हसली की तिच्या घड्या वाकड्या झाल्या. मग पहिल्या पावलांची दवंडी झाली. "उंबऱ्यापासून चुलीपर्यंत चार पावले विनाआधार. रस्ता मोकळा ठेवावा." पहिल्या शब्दाची झाली. "सदर शब्द आज्जी असा निघाला. पप्पांनी तक्रार नोंदवलेली आहे." अशा आठ झाल्या. नववी भरली तेव्हा सगळी दुकानं बंद होती आणि सोमनाथला ताप होता. दार लोटून तो एकटाच माझ्यासमोर बसला. मध्ये दोनदा थांबला. "शेफाली हिने आजपासून पप्पांपासून लांब झोपायचे आहे. दोन-चार दिवसांचीच बाब आहे."

त्याला पुण्याला नेलं. तो परत आला नाही. त्याचा मोबाईलसुद्धा दवाखान्यातून परत आला नाही. शेफाली तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती.

पुढं दुकान सुलक्षणानं चालवलं. आणि रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, शेफाली स्टुलावर चढून माझ्यासमोर बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं. पण माझ्या पडद्यावर, अगदी समोर, त्या नऊ दवंड्यांची नऊ चित्रं ओळीनं मांडलेली होती. चौथं कुठलं आणि सातवं कुठलं हे तिला पाठ होतं. तिची आजी, धोंडाबाई, दारात लसूण सोलत बसायची. "देवापुढं बसत न्हाई पोरगी, डब्यापुढं बसती," असं पुटपुटायची. पण आज्जीची दवंडी लागली की तिचे हात थांबायचे. एखाद्या दिवशी शेफाली ती लावायला विसरली तर म्हातारी लसणाच्या टरफलांकडे बघत म्हणायची, "माजी न्हाई का लावायची आज?"

चार वर्षं मी ते काम केलं. मित्रांनो, त्याहून मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मग या वर्षी माघात गेनू आला. गेनू आमच्याच आळीतला, ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरच्या टेपवर गाणी लावायला पेनड्राईव्ह लागतो आणि तो भरून घ्यायला सगळे ट्रॅक्टरवाले सुलक्षणाकडेच येतात. तो पेनड्राईव्ह किती गावांत, किती यंत्रांत जाऊन आला होता कोण जाणे. त्यात एक रोग, म्हणजे व्हायरस, बसला होता. दिसायला गाण्यांच्या पुडक्यासारखा, नाव पण गाण्याचं. सुलक्षणानं उघडला, आत काहीच नव्हतं. "रिकामाच दिसतोय की भावजी," असं म्हणून तिनं त्यात बैलगाडा शर्यतीची गाणी भरून दिली. तेवढ्या वेळात रोग माझ्यात उतरला होता.

माझ्यात एक छोटी फाईल असते. कुणी लॉग ऑन केलं, की त्या माणसाला हाताला धरून आत नेणं, त्याचा पडदा मांडून देणं, एवढंच तिचं काम. रोगानं तिला हाकललं आणि तिचे कपडे घालून तो तिच्या जागी उभा राहिला. काही दिवस नुसताच मी जड झालो. मग सोमनाथनं फार पूर्वी बसवलेल्या रखवालदार प्रोग्रॅमला जाग आली आणि त्यानं रोगाला बाहेर फेकलं. चांगलंच केलं म्हणा. पण ती जागा रिकामी राहिली. आता पासवर्ड बरोबर पडायचा, 'स्वागत' अशी अक्षरं उमटायची, आत न्यायला कुणी नसायचं, आणि पुढच्याच क्षणी मी माणसाला परत दाराबाहेर आणून सोडायचो. पुन्हा पासवर्ड, पुन्हा स्वागत, पुन्हा बाहेर.

सुलक्षणानं दिवसभर करून पाहिलं. संध्याकाळी शेफालीनं पाहिलं. धोंडाबाई म्हणाली, "रुसलंय. दार उघडतंय अन् तोंडावर लावून घेतंय."

मी रुसलो नव्हतो, मित्रांनो. आत सगळं जागच्या जागी होतं. नऊच्या नऊ दवंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एक छोटी फाईल सीडीवरून परत आणून ठेवायची, अर्ध्या तासाचं काम होतं.

सुलक्षणानं मला गोधडीत बांधलं आणि शेफाली शाळेत गेल्यावर एसटीनं भोरला नेलं. कंडक्टरनं गोधडीकडे पाहून विचारलं, बाळ आजारी आहे का. ती म्हणाली, व्हय, तसंच समजा.

भोरला स्टँडच्या अलीकडे आकाशचं दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा मनानं फार चांगला. पण त्याच्या दुकानात माझ्यासारखे पंधरावीस डबे एकावर एक रचलेले, आणि सगळ्या दुखण्यांवर त्याचं औषध एकच, फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि नव्यानं बसवायचं. तरी त्यानं नीट विचारलं. त्याची चूक मी म्हणणार नाही.

"ताई, फॉरमॅट मारावा लागंल. डी मधलं समदं राहील, सी मधलं जाईल. सी मधी काय कामाचं हाय का?"

मित्रांनो, माझ्या पोटात सी आणि डी असे दोन कप्पे आहेत, आणि सोमनाथनं सुलक्षणाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की कामाचं सगळं डी मध्ये ठेवायचं. ती तसंच करायची. अर्ज डी मध्ये, पत्रिका डी मध्ये. सी कधी उघडायचीसुद्धा नाही. आणि दवंड्या? त्या तर तिच्या लेखी सी मध्येही नव्हत्या आणि डी मध्येही नव्हत्या. त्या समोर होत्या. मला चालू केलं की दिसायच्या. घराच्या भिंतीवरचा फोटो कुठल्या कपाटात आहे, असं कुणी विचारतं का?

"न्हाई," ती म्हणाली. "सी मधी आमी काहीच ठेवत न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

मी पंखा जोरात फिरवला. माझ्याकडे तेवढंच होतं. आकाश म्हणाला, फॅन पण लई आवाज करतोय, तो पण साफ करून देतो. त्यानं माझ्या कपाळावर कागदाची पट्टी चिकटवली, 'डी ठेवणे'. सुलक्षणा चारच्या गाडीनं परत गेली.

त्यानं मला पुसलं. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फॉरमॅट मारला तरी आतलं लगेच जात नाही. फक्त कुठं काय आहे त्याची पाटी पुसली जाते. दवंड्या अजून होत्या, अंधारात, नाव नसलेल्या. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत त्या मिळू शकत होत्या. नवा विंडोज बसला तेव्हा काही गेल्या, काही राहिल्या. मग आकाशला आठवलं, ताईंना एक लहान मुलगी आहे. त्यानं आपणहून, प्रेमानं, माझ्यात साठ कार्टून भरली. "पोरगी खूष होईल," असं शेजारच्या चहावाल्याला म्हणाला. एकेक कार्टून आत येऊन बसत गेलं. जिथं दात होता तिथं एक ससा बसला. पावलांवर एक मोटार. शेवटचं कार्टून भरून झालं तेव्हा माझ्यात सोमनाथ नव्हता.

सुलक्षणा मला घरी घेऊन आली त्या संध्याकाळी शेफाली दप्तर न काढताच स्टुलावर चढली. मी चालू झालो. एका झटक्यात लॉग ऑन झालो. निळा, स्वच्छ पडदा. त्यावर एकच चित्र होतं, कचऱ्याची टोपली.

शेफालीनं चौथ्या चित्राच्या जागी बोट ठेवलं. मग सातव्याच्या. मग वळून म्हणाली, "आई, पप्पा कुठं ठेवले?"

सुलक्षणानं डी उघडला. सगळ्या गावाच्या पत्रिका होत्या. पाच वर्षांपूर्वी लग्न झालेल्या जोडप्यांची नावं जशीच्या तशी होती. तिनं आकाशला फोन लावला. चित्रं पडद्यावर कुठं होती ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, समोर दिसतं ते सी मधीच असतं."

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर स्वतः आला. सकाळपासून माझ्यात शोधत बसला. कुणाचा अर्धा अर्ज सापडला, फोटोचा तुकडा सापडला, शर्यतीच्या गाण्याची एक ओळ सापडली. माणसाचा आवाज सापडला नाही. धोंडाबाईनं दोनदा चहा ठेवला, त्यानं तो घेतला नाही. जाताना तो धोंडाबाईच्या पाया पडला. सुलक्षणा टेम्पोवाल्याकडे जाऊन आली, जुन्या भोंग्याचे पेनड्राईव्ह तपासून आली. त्यावर कुणा दुसऱ्याचा आवाज खत विकत होता.

कितीतरी दिवस ती माझ्यासमोर बसली की टायपिंग करता करता थांबायची. एकदा सासूला म्हणाली, "म्या न्हाई म्हणलं, आत्या. त्यानं दोनदा इचारलं. माज्या तोंडानं न्हाई म्हणलं."

धोंडाबाई उठून तिच्यामागं उभी राहिली, तिच्या केसांतून हात फिरवत. 

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश करता येत नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातही एखादा आवाज असेल, एखादं हसू, कुणाचा तरी खोकत खोकत घातलेला आशीर्वाद. तो समोर दिसतो म्हणून सुरक्षित आहे असं समजू नका. आजच कुणाला तरी विचारा, हे खरोखर कुठं ठेवलेलं आहे. त्याची दुसरी प्रत करा, तिसरी करा, लांबच्या मावशीकडे एक ठेवा. अनोळखी पेनड्राईव्ह आत घेण्याआधी तपासा. आणि माझ्यासारखा कुणी दारातच अडला, तर त्याला पुसायची घाई करू नका. आत कोण आहे ते आधी पाहा.

आता शेफाली सात वर्षांची आहे. संध्याकाळी ती अजून स्टुलावर बसते. कार्टून लावत नाही. दवंड्या तिला तोंडपाठ आहेत, त्या ती स्वतःच म्हणते. वर मी तुम्हाला जे शब्द सांगितले ते तिच्याच तोंडून ऐकलेले आहेत.

परवा ती म्हणत होती, "कळविण्यात येते की हो ऽऽ," आणि शेवटचा 'हो' तिनं वर चढवला.

सुलक्षणा आतून म्हणाली, "तसं न्हाई गं. पप्पा खाली आणायचे. हळूहळू."

"न्हाई आई, वरच न्यायचे."

"खाली."

धोंडाबाई म्हणाली की तो मध्येच हसायचा, आणि दोघीही म्हणाल्या, हसायचे नाहीत, गंभीर असायचे.  कुणालाच कुणाचं खोटं पाडता येईना.

शेफालीनं माझ्या डब्यावर तळहात ठेवला. "तू सांग," ती म्हणाली. "तू तर लई वेळा ऐकलंय."

मित्रांनो, आठवण ठेवणं एवढंच माझं काम होतं. माझा पंखा फिरत राहिला. मलाही आठवत नाही.